गार इंजिनावर ठेवलेला हात

जुनी लाँच विकत घ्यायची म्हटली की धक्क्यावरची माणसं आधी देवाला विचारायची आणि मग फिटरदादाला. देवाची कधी हरकत नसायची. फिटरदादाची हमखास असायची.

नदीच्या धक्क्याला लागूनच त्याची पत्र्याची लांबट खोली होती. आत डिझेलचा वास, भिंतीवर खिळ्यांना मापाप्रमाणे टांगलेले पाने, आणि जमिनीवर उघडी पडलेली इंजिनं. दारात गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची असे. तो स्वतः मात्र बसलेला कधी कुणाला दिसला नाही. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, आणि कानाचा इतका तिखट की नदीच्या मध्यावरून जाणारी लाँच कुणाची आहे ते मान वर न करता सांगायचा. देव प्रत्येकाला काही ना काही देऊनच पाठवतो. त्याला कान देऊन पाठवलं होतं.

इंजिन तपासायची त्याची एक रीत होती आणि तीत तो कुणासाठी बदल करत नसे. विकणाऱ्याला येण्याची वेळ कळू द्यायची नाही. भल्या सकाळी जायचं, आणि काही बोलायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. गार लागलं तर पुढचं काम. जरा जरी कोमट लागलं तरी "उद्या येतो" म्हणून पाठ फिरवायची. कारण गरम केलेलं इंजिन कुणाशीही गोड बोलतं. पहिल्या झटक्याला सुरू होतं, धूर कमी टाकतं, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या खोडकर पोरासारखं. त्याचे खरे गुण बघायचे तर झोपेतून उठवावं लागतं.

मग तो ऑइलची पट्टी बाहेर काढायचा, ऑइल बोटांच्या चिमटीत चोळायचा, नाकाशी न्यायचा. इंजिन सुरू झालं की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावून लाकडी मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ आसपासची माणसं आपोआप गप्प व्हायची. डोळे उघडले की म्हणायचा, "लाँच चांगली आहे. पण..."

त्या 'पण'च्या पुढे काय येईल ते बदलायचं, 'पण' यायचाच. त्यामुळे पाठीमागे सगळे त्याला नकारघंटा म्हणायचे. खरं तर त्या घंटेने कितीतरी जणांना वाचवलं होतं. मोडीत जायच्या लायकीचं इंजिन रंग फासून गळ्यात मारायला निघालेले लोक त्याला बघताच रस्ता बदलायचे. वाईट एवढंच, की ज्या माणसाला दुसऱ्याची फसवणूक इतकी लख्ख दिसायची, त्याला स्वतःचं काही घेताना हात आखडायची सवय लागली.

त्याला एक धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर फिटरदादानेच त्याला वाढवलं, म्हणजे मारलं कमी आणि जेवू जास्त घातलं. धाकटा दुसऱ्यांच्या लाँचवर सुकाणू धरायचा. थोरल्याला यंत्र कळायचं, धाकट्याला पाणी. कुठे वाळू वर आली आहे, कुठे धार ओढते, हे त्याला पायांच्या तळव्यांनी समजायचं. या दोघांनी स्वतःची लाँच घ्यावी, हे सगळ्या धक्क्याला इतकं उघड दिसत होतं की लोक विचारायचेसुद्धा नाहीत घेणार का म्हणून. कधी घेणार, एवढंच विचारायचे.

धाकटा बघत असायचाच. एक सापडायची, तो दादाला घेऊन जायचा, आणि 'पण' ऐकून परत यायचा. धाकटा हसून सोडून द्यायचा. फिटरदादाची बायको मात्र एकदा ताट वाढता वाढता म्हणाली होती, "बरं झालं, मला बघायला तुम्ही एकटे आला नव्हता. नाहीतर मी अजून माहेरीच असते."

मग ती लाँच आली.

"दादा, एक सापडली आहे," धाकटा दुकानात येऊन म्हणाला. त्या दिवशी तो खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला.

"कुणाची?"

"पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्याची. आता चालवायला कुणी उरलं नाही त्याच्याकडे. बूड मी हाताने चाचपून आलोय. एक फळी कुजलेली नाही."

"म्हाताऱ्याला सांगितलंस का, आम्ही कधी येतोय ते?"

"तुझा भाऊ आहे ना मी? नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघे वल्ही मारत पलीकडे गेले. फिटरदादाने तळहात ठेवला. इंजिन दगडासारखं गार होतं. म्हातारा बिचारा बाजूला उभा होता, त्याला काही लपवायचं ठाऊकच नव्हतं. धाकटा केव्हाच पुढे जाऊन सुकाणूपाशी उभा राहिला होता. हात चाकावर, नजर पाण्यावर. मनाने त्याने ती लाँच कालच घेतली होती.

फिटरदादाने पट्टी ओढली. ऑइल काळं नव्हतं. चहात दूध जरा जास्त पडावं तसा रंग होता. म्हणजे आत कुठेतरी पाणी मिसळत होतं.

बाकी सगळं उत्तम होतं. इंजिन गार असूनही लगेच सुरू झालं. मूठ कानाशी धरून त्याने डोळे मिटले, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवले. आवाज खोल होता, एकसारखा होता. असा आवाज त्याने फार वेळा ऐकला नव्हता. आणि तो ऐकता ऐकता त्याला उमगलं. ही घ्यायची म्हणजे आता खरंच घ्यायची. उद्या ही भर धारेत बंद पडली, तर धक्क्यावर काय बोललं जाईल ते त्याला इंजिनाच्या आवाजातून ऐकू येऊ लागलं. सगळ्यांची तपासतो आणि स्वतः बघा कशी घेतली. आजवर तो दुसऱ्याच्या इंजिनाला कान लावत आला होता, आता सगळं गाव त्याच्या इंजिनाला कान लावणार होतं.

"लाँच चांगली आहे," तो म्हणाला. धाकट्याने मान वळवली. "पण ऑइलमध्ये पाणी येतंय."

"गॅस्केट गेलं असेल."

"गॅस्केट असेल. हेड वाकलं असेल. आत ब्लॉकला चीरही गेली असेल. उघडल्याशिवाय काय सांगणार?"

"मग उघडा की," म्हातारा मध्येच म्हणाला. "मी कुठे नको म्हणतोय?"

एवढ्या वर्षांत असं कुठल्याच विकणाऱ्याने म्हटलं नव्हतं. फिटरदादा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "सगळ्या मापाचे पाने नाही आणले आज."

पान्यांची पिशवी त्याच्या पायाशीच होती. धाकट्याने पिशवीकडे पाहिलं, मग दादाकडे. चाकावरचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "बरं. चल मग."

परत येताना वल्ही दोघांनी मारली.

ती लाँच ढगोबाने घेतली. ढगोबा म्हणजे धक्क्यावरचा अंगाने सगळ्यात आडवा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. तो हसला की बांधलेल्या होड्या हलतात असं म्हणायचे. चारआठ दिवसांत ती लाँच ओढून आणून त्याने फिटरदादाच्या दुकानासमोर उभी केली.

"घे, तुझी रोगी आणली. औषध दे."

"मी नको म्हटलेली लाँच घेतलीस तू?"

"तू नको म्हटलीस म्हणूनच घेतली," ढगोबा म्हणाला. "अरे, नकारघंटेने सगळं इंजिन हुंगलं आणि तिला एकच खोट सापडली. म्हणजे दुसरी नाहीच. याच्यापेक्षा मोठी हमी मला कोण देणार? म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं मला, तुमचा फिटर इतका वेळ डोळे मिटून ऐकत होता की मला वाटलं झोप लागली."

आसपासचे हसले. फिटरदादाही हसल्यासारखं करून पाने घ्यायला आत गेला. त्या दिवशी धाकट्याला सुट्टी होती. तो न सांगता आला आणि शेजारी उकिडवा बसला. लहानपणापासूनची त्याची ती जागा. दादाने हात मागे करायचा आणि याने योग्य मापाचा पाना त्यात ठेवायचा.

बोल्ट निघाले, इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड वर आलं. त्याखालच्या गॅस्केटच्या पातळ पत्र्याला एका कडेला करंगळीच्या नखाएवढी जागा जळून पाणी झिरपायला वाट झाली होती. बस, तेवढंच. फिटरदादाने हेड पुसलं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे बघितलं. हेड वाकलेलं असेल तर पट्टीखालून उजेडाची रेघ दिसते. रेघ दिसावी असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. कधी नव्हे तो एखाद्या इंजिनाचं वाईट चिंतत होता. त्याने पट्टी आडवी धरली, तिरपी धरली. केसाएवढासुद्धा उजेड नव्हता. मग ब्लॉक रॉकेलने धुऊन बोट फिरवून पाहिला. चीर नव्हती.

धाकटा हे सगळं बघत होता. नवं गॅस्केट बसलं, बोल्ट समोरासमोरचे धरून क्रमाने आवळले गेले, नवं ऑइल पडलं, आणि संध्याकाळच्या आत ढगोबा लाँच घेऊन नदीत गेलासुद्धा. तो खोल, एकसारखा आवाज पाण्यावरून बराच वेळ ऐकू येत राहिला.

"एवढंच होतं," धाकटा साबणाने हात धूत म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावं, तशा आवाजात म्हणाला.

थोड्याच दिवसांत त्याने दूरच्या शहरात शीतगृहात नोकरी धरली. निघताना वहिनीच्या पाया पडला, दादाच्या पडला. "पाणी सोडून बर्फात चाललो," असा विनोदही केला. फिटरदादाच्या मनात होतं की त्याला म्हणावं, थांब, आपण दुसरी बघू, मी नाही म्हणणार नाही. पण असं बोलायला तोंडाला वळण लागतं. त्याच्या तोंडाला ते नव्हतं.

वर्षं गेली. ढगोबाच्या लाँचने लग्नाची वऱ्हाडं नेली, आजारी माणसं नेली, शाळेची पोरं नेली. फिटरदादा तिचं इंजिन वेळच्या वेळी बघायचा, आणि दुसऱ्या कुठल्याही इंजिनापेक्षा जास्त जपायचा. ते फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. ढगोबा थकला, पुढे वारला. त्याच्या जावयाने लाँच चालवायला घेतली आणि तो ती स्वस्तातल्या फिटरकडे, पलीकडच्या काठाला नेऊ लागला. मग तो आवाजही धक्क्यावर येईनासा झाला.

धाकट्याची बायको वारली होती. तिकडे शहरातच तो मुलाकडे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचा. एक दिवस हातात छोटी बॅग घेऊन तो फिटरदादाच्या दारात उभा राहिला. गुडघे सुजलेले, केस पांढरे. बसल्यावर चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "दादा, ढगोबाची लाँच विकायला काढली आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनीने. फोनवर. म्हणून तर आलो."

वहिनी आत देवापाशी काहीतरी आवरत होती. ती बाहेर आली नाही.

"आता घेऊन काय करणार?" फिटरदादाने विचारलं.

"काही नाही. सकाळी दोघांनी निघायचं, पलीकडे चहा प्यायचा, परत यायचं. मी चालवीन, तू कान लाव. जमलं तर माणसं बसवू, नाहीतर नाही."

"आणि राहायचं कुठे तू?"

"इथेच. मागची खोली रिकामी आहे ना? मुलाला सांगून आलोय. परतीचं तिकीट आहे, पण ते रद्द करता येतं."

फिटरदादाला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी निघताना देवापुढे हात जोडून तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. आजवर त्याने देवाकडे बायकोची तब्येत मागितली होती, भावाचं बरं मागितलं होतं. इंजिन चांगलं निघू दे असं मात्र पहिल्यांदाच मागितलं.

लाँचवर जाऊन त्याने तळहात ठेवला. इंजिन गरम होतं.

जावई घाईघाईने म्हणाला, "सकाळी सहज जरा चालवून बघितलं होतं, काका."

रीत अशी होती की उद्या येतो म्हणून निघायचं. पण भावाचं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. त्याने भावाकडे पाहिलं आणि सांगितलं, "गार होईपर्यंत थांबू."

मग दोघे भाऊ त्या लाँचच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. ऊन वर चढलं. पाण्याची चुळुक चुळुक चालू होती. धाकट्याने शीतगृहातल्या गमती सांगितल्या, पहिल्या महिन्यात त्याच्या मिशीला कसा बर्फ लागायचा ते सांगितलं. फिटरदादा हसला. इतका वेळ दोघे एकत्र रिकामे असे कधी बसले नव्हते. इंजिन लवकर गार होऊ नये असं त्याला वाटू लागलं.

गार झालंच शेवटी. त्याने हँडल लावून हाताने फिरवलं. जिथे जोर लागायला हवा तिथे ते सैल, गपकन फिरलं. आत दाब धरायला काही उरलं नव्हतं. सुरू करायला बराच वेळ लागला. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून धुराचे भपकारे आले. मूठ कानाशी धरली तर खालून ठकठक, स्पष्ट. आणि ब्लॉकच्या कडेला ताज्या रंगाखाली बोटाला वेल्डिंगचा उंचवटा लागला. त्याने तो पुन्हा चाचपला. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासलं. कुठेतरी आपलीच चूक सापडावी म्हणून तपासलं. सापडली नाही.

धाकटा सुकाणूपाशी गेला नव्हता. बाकावरच बसून होता. "पण?" त्याने हसून विचारलं.

"खरंच गेलंय रे. ब्लॉक फुटून वेल्डिंग केलेला आहे."

"बरं."

"तुला वाटेल, मी नेहमीसारखं..."

"दादा, तू खोटं कधी बोललास? तेव्हासुद्धा ऑइलमध्ये पाणी होतंच की."

शिव्या खाल्ल्या असत्या तर फिटरदादाला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर धाकटा मागच्या खोलीत कपडे भरायला गेला. बायकोने फिटरदादाला स्वयंपाकघरात गाठलं.

"राहा म्हणालात का त्यांना?"

"इंजिन पार निकामी झालंय. जावयाने वाट लावली. रंगाखाली..."

"मी इंजिनाचं विचारलं का?" ती हळू आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं त्यांना तुम्ही इंजिनाचंच सांगत आलात. जा आत."

तो आत गेला. धाकटा बॅगेची चेन ओढत होता. फिटरदादा दाराशी उभा राहिला, भिंतीवरचं नसलेलं काहीतरी बोटाने खरवडलं, आणि म्हणाला, "बूड अजून चांगलं आहे तिचं. दुसरं इंजिन बसवलं तर चालेल."

धाकट्याचा हात चेनवरच थांबला. हे वाक्य त्याने भावाच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. तो पलंगावर बसला आणि शेजारची जागा दाखवली. फिटरदादा बसला.

"चालेल," धाकटा म्हणाला. "पण मी चालवीन का आता? लाँचमध्ये उतरताना तू हात दिलास मला, बघितलंस ना? बसून राहिलो तो काय हौसेने? सुकाणूपर्यंत जायची छाती झाली नाही, दादा. येताना वाटलं होतं, जमेल."

"लाँच नसली तरी..." फिटरदादा म्हणाला. "ही खोली आहे."

"मुलाने डॉक्टरची वेळ घेतली आहे गुडघ्यांसाठी. ते झालं की बघू."

बघू म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. बाहेर वहिनीने शिदोरी बांधताना डबा दोनदा उघडून पुन्हा लावला.

बसथांब्यावर गर्दी नव्हती. धाकटा खिडकीशी बसला. बस सुरूच होती, अंग थरथरवत उभी. फिटरदादा खिडकीखाली उभा राहिला आणि काय बोलावं ते शोधू लागला. शोधता शोधता त्याची मान सवयीने जरा तिरपी झाली, डोळे अर्धवट मिटले.

वरून धाकटा हसला. "काय ऐकतोयस? काय झालंय हिला?"

"एक इंजेक्टर डिझेल नीट मारत नाही," फिटरदादा म्हणाला. "चढावर दम खाईल."

"मग? उतरू?"

थट्टाच होती ती. पण विचारून झाल्यावरही तो दादाकडे बघत राहिला. ड्रायव्हर जागेवर येऊन बसला, दार लागलं. हो म्हणायला फक्त तेवढाच वेळ होता. आणि खोट तर खरोखरच होती.

"नाही," फिटरदादा म्हणाला. "पोचवेल ती."

बस वळणावर गेली. त्यानंतरही तो तिथेच उभा होता, आवाज ऐकू येत होता तोवर. त्याच्या कानांना तो इतरांपेक्षा बराच जास्त वेळ ऐकू आला.